आजी परत आली असेल, तर नवमीचं पान कुणासाठी?

ठाकूरद्वार_नाका (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय मोठा असला तरी प्रश्न घरातलाच आहे.

आम्ही गिरगावात चाळीत राहतो. दोन खोल्या, समोर गॅलरी. माझी आजी तीन वर्षांपूर्वी गेली आणि त्यानंतर अकरा महिन्यांनी आम्हाला मुलगी झाली. आजीला एक सवय होती. चहाचा कप तोंडाला लावण्याआधी ती कडेवर नखानं दोनदा टकटक करायची. का करते, हे तिलाही सांगता यायचं नाही. मुलगी आता दोन वर्षांची आहे. गेले काही महिने पाण्याचा पेला हातात आला की ती आधी दोनदा टिचकी मारते आणि मगच पिते. आजी झोपताना पदराचं टोक कानाशी धरायची, ही चादरीचं टोक धरते. चाळीनं कधीच निकाल देऊन टाकलाय की आजीच परत आली. समोरच्या काकू तर तिला 'आजीबाई' म्हणूनच हाक मारतात.

आता परवाची गोष्ट. आजोबा हयात आहेत, त्यामुळे आजीचं पान अविधवा नवमीला असतं. बाबांनी सगळं नीट केलं, सवाष्ण जेवायला बोलावली. भरड्याचे वडे, खीर, आमसुलाची चटणी आणि आजीला आवडायची म्हणून अळूवडी. कावळ्याचं पान गच्चीवर ठेवलं. गिरगावात कावळ्यांना तोटा नाही, तरी अर्धा तास एकही खाली उतरेना. मी मुलीला कडेवर घेऊन उभा होतो. ती एकदम खाली वाकली आणि पानातल्या अळूवडीकडे हात करून "मला" म्हणाली. मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, जिचं पान तीच मागतेय." काकूंनी डोळ्याला पदर लावला. माझ्या पोटात मात्र कालवाकालव झाली.

आजी माझ्या कडेवर असेल, तर ते पान कुणाचं? आणि पान तिला पोचत असेल, तर माझ्या कडेवर कोण आहे? दोन्ही गोष्टी आम्ही एकाच दिवशी, एकाच गच्चीवर उभे राहून मानत होतो. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, पोटात शंका ठेवून श्राद्धाला उभं राहू नये. पण शंका आता आलीच आहे. जाणकारांनी कृपया लिहावं.

जुना_पाठक

तुमचा प्रश्न खरा आहे आणि फार जुना आहे. दोन वेगळ्या काळांतल्या कल्पना आपल्या घरात एकत्र नांदतात, म्हणून तो पडतो.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात मेलेला माणूस यमाकडे, पितरांकडे जातो. तिथून तो दुसऱ्या पोटी जन्माला येतो, असं स्पष्ट सांगणारी शिकवण पुढे उपनिषदांत दिसते. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य सांगतात की गवतावरची अळी जशी एका पात्याच्या टोकाला पोचून दुसऱ्या पात्याचा आधार घेते आणि मग अंग ओढून घेते, तसा आत्मा हा देह सोडून दुसऱ्याचा आश्रय घेतो. छांदोग्यात प्रवाहण जैवलि हा राजा गौतमांना पंचाग्निविद्या देतो. तिच्यात देवयान आणि पितृयान असे दोन मार्ग आहेत. पितृयानानं गेलेला चंद्रलोकी राहतो, पुण्य सरलं की पावसाबरोबर खाली येतो, धान्यात शिरतो आणि पुन्हा जन्म घेतो.

नव्या कल्पनेनं जुनी पुसली नाही. श्राद्धात आपण तीन पिढ्यांची नावं घेतो आणि त्यांना वसु, रुद्र, आदित्य या रूपांत पाहतो. म्हणजे पान नुसतं एका व्यक्तीला नसतं, त्या देवतारूपाला असतं. तुमचा नेमका प्रश्न मत्स्यपुराणात विचारलेला आहे. उत्तर असं की पिता देव झाला असेल तर ते अन्न त्याला अमृत होऊन मिळतं, पशू झाला असेल तर गवत होऊन मिळतं. जिथे जसा असेल, तिथे तसं.

त्या न्यायानं तुमच्या मुलीनं अळूवडी मागितली यात शास्त्राला अडचण वाटत नाही. कावळ्याला मिळाली काय आणि तिला मिळाली काय, पान पोचलंच. तिला दिलीत ना शेवटी?

ठाकूरद्वार_नाका (धागाकर्ता)

दिली. आईनं आतून दुसरी आणून दिली, पानातली नाही.

तर्कसंगत

पाठककाका, गवत होऊन मिळतं हे उत्तर ऐकायला छान आहे, पण त्यावरचा आक्षेपही तितकाच जुना आहे. चार्वाकांच्या तोंडी एक श्लोक आहे. श्राद्धानं मेलेल्याचं पोट भरत असेल, तर प्रवासाला निघालेल्या माणसाला शिदोरी कशाला बांधून द्यायची? घरीच त्याच्या नावानं कुणाला जेवू घालावं, वाटेत त्याचं पोट भरेल! रामायणात अयोध्याकांडात जाबाली रामाला हेच विचारतो, की मेलेला काय खाणार? रामाला ते पटलं नाही हे खरं. पण प्रश्न विचारणारा ऋषी दशरथाच्या सभेतला होता, बाहेरचा कुणी नव्हता. शंका घेऊन उभं राहू नये म्हणणाऱ्या गुरुजींना हे सांगायला हवं.

धागाकर्त्यांना एक विचारतो. अकरा महिन्यांचा हिशेब आठवणीत राहिला, कारण तो जुळला. त्याच वर्षात तुमच्या चाळीत आणखी किती बाळं जन्मली? त्यांच्यात कुणाचे आजोबा शोधले गेले का?

घाटकोपर_पूर्व

मी गुजराती जैन घरातला, पण शाळा मराठी आणि मित्रही मराठी, म्हणून इथे लिहायला मोकळं वाटतं.

आमच्याकडे पुनर्जन्म पक्का मानतात, बहुतेक तुमच्यापेक्षा जास्तच. म्हणूनच आमच्यात श्राद्ध नाही! देह सुटला की जीव काही मोजक्या समयांत नव्या ठिकाणी पोचतो. समय म्हणजे काळाचा सगळ्यात लहान अंश, ज्याचे आणखी तुकडे पडत नाहीत. मध्ये वाट पाहत बसणं नाही, भुकेलं राहणं नाही. बरोबर जातं ते कर्म. आणि कर्म म्हणजे नुसता हिशेब नाही, जिवाला चिकटलेलं अतिशय सूक्ष्म द्रव्य. त्याचंच एक शरीर असतं, त्याला कार्मण शरीर म्हणतात.

लहानपणी माझी बा गेली, तेव्हा मला रडताना पाहून एका महाराजसाहेबांनी, म्हणजे आमच्या साधूंनी, सांगितलं होतं की ती आत्ता कुठेतरी नवीन आईच्या पोटात आहे, तिला मागे खेचू नकोस. मला ते फार कठोर वाटलं होतं. आज वाटत नाही.

तुमच्या आजीबद्दल एक गोष्ट जपून लिहितो, राग मानू नका. जीव गर्भ राहतो तेव्हाच येतो, असं आम्ही मानतो. आजी गेल्यावर अकरा महिन्यांनी जन्म, म्हणजे मध्ये साधारण दोन महिने उरतात. आमच्या हिशेबानं त्या दोन महिन्यांत आजी दुसरीकडे पोचल्या असणार.

ठाकूरद्वार_नाका (धागाकर्ता)

राग अजिबात नाही. हे गणित मी कधी केलंच नव्हतं.

पाठककाका, मला आणखी एक अडतं. आजीला माझं लहानपण पाठ होतं. मी कुठे पडलो, कोणत्या दिवशी शाळेत रडलो, सगळं. मुलीला त्यातलं काहीच माहीत नसणार. मग परत आलं ते काय? नुसती टिचकी?

जुना_पाठक

गीता याला बगल देत नाही. चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण म्हणतात की तुझे माझे पुष्कळ जन्म झाले. मला ते सगळे ठाऊक आहेत, तुला नाहीत. खुद्द अर्जुनाला आठवत नाही, तर आपलं काय? पंधराव्या अध्यायात म्हटलंय की वारा जसा फुलातून गंध घेऊन जातो, तसा जीव इंद्रियं आणि मन घेऊन दुसरीकडे जातो. फूल मागेच राहतं, वास पुढे जातो. लिंगशरीर, म्हणजे सूक्ष्म देह, म्हणतात ते हेच. टिळकांनी गीतारहस्यात कर्मविपाकावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय, ते जरूर वाचा.

जुन्या वस्त्राचा श्लोक सगळ्यांना पाठ असतो. त्यावर माउली लिहितात, 'जैसें जीर्ण वस्त्र सांडिजे । मग नूतन वेढिजे । तैसें देहांतरातें स्वीकारिजे । चैतन्यनाथें'. मला इथे 'चैतन्यनाथ' हा शब्द फार मोलाचा वाटतो. कपडा बदलणारा तो आहे, आठवणी नव्हेत. आठवणी कपड्याबरोबर जातात, असं मी समजतो.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, मात्र युक्तिवादच मांडला होता. नुकतं जन्मलेलं मूल आईच्या दुधाकडे वळतं. त्याला ते कुणी शिकवलं? शिकल्याशिवाय ओढ नाही, म्हणून ते मागच्या जन्मी शिकलेलं आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात हे आहे.

परळची_डॉक्टर

मी लहान मुलांची डॉक्टर आहे. पाठककाकांचा शेवटचा परिच्छेद वाचला आणि राहवलं नाही.

नवजात बाळाच्या गालाला बोट लावलं की ते त्या बाजूला तोंड वळवतं, ओठांना काही लागलं की चोखू लागतं. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि तिची तयारी पोटातच झालेली असते. सोनोग्राफीत बाळ अंगठा चोखताना दिसतं, गर्भजल गिळतानाही दिसतं. म्हणजे सराव या जन्मातलाच, फक्त जन्माच्या आधीचा. आणि काका, न्यायसूत्रांत त्याच जागी आक्षेपही नोंदवलाय ना? कमळ आपोआप उमलतं-मिटतं, लोखंड लोहचुंबकाकडे जातं, त्यांना कुणी शिकवलं? सूत्रकारांनी त्याला उत्तर दिलंय, पण मला तो आक्षेपच जास्त पटतो.

आता टिचकीबद्दल. दीड-दोन वर्षांची मुलं मोठ्यांची कृती उचलतात तेव्हा तिच्यातला बिनकामाचा भागही तसाच उचलतात. डबा उघडण्याआधी कुणी त्यावर हात फिरवला, तर मूलही आधी हात फिरवतं आणि मग उघडतं. त्याला तो त्या कामाचाच भाग वाटतो. म्हणून विचारते, आजींसारखी टिचकी घरात आणखी कुणी मारतं का? दोन-चार दिवस नुसतं बघा.

मुगभाट

मी तुमच्या जवळच राहतो. एवढं सगळं पुस्तकी चाललंय, पण प्रत्यक्ष प्रकरणांबद्दल कुणीच बोलत नाही. दिल्लीची शांतीदेवी चार वर्षांची असताना मथुरेचं घर आणि नवरा सांगू लागली. गांधीजींनी लक्ष घातलं, समिती नेमली गेली आणि १९३५ साली तिला मथुरेला नेलं. तिनं घर ओळखलं, माणसं ओळखली. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या इयन स्टीव्हन्सन या मानसोपचारतज्ज्ञानं तर आयुष्यभर हेच काम केलं, अडीच हजारांच्या आसपास प्रकरणं जमवली. मुलं साधारण दोन ते पाच वर्षांची असताना बोलतात आणि पुढे विसरतात. हे सगळे खोटं बोलतात का?

तर्कसंगत

खोटं बोलतात असं मी कधीच म्हणणार नाही. स्टीव्हन्सन प्रामाणिक आणि चिकाटीचा माणूस होता. १९६६ च्या आपल्या पुस्तकाच्या नावातही त्यानं पुनर्जन्म 'सिद्ध करणारी' प्रकरणं म्हटलं नाही, 'सूचित करणारी' म्हटलं. अडचण अशी की बहुतेक ठिकाणी संशोधक पोचेपर्यंत दोन्ही कुटुंबं एकमेकांना भेटून गेलेली असतात. मूल आधी काय म्हणालं आणि नंतर घरच्यांनी काय जोडलं, हे वेगळं करता येत नाही. आणि पुनर्जन्म मानणाऱ्या समाजांत अशी प्रकरणं जास्त सापडतात.

नागपूरचंही एक प्रकरण आहे, सत्तरच्या दशकातलं. मराठी बाई मधूनमधून स्वतःला जुन्या काळातली बंगाली स्त्री समजून बंगालीत बोलायच्या. स्टीव्हन्सन तिथेही पोचले. बाईंनी आधी थोडं बंगाली शिकलं होतं, हेही पुढे आलं. मला त्यात फसवणूक दिसत नाही. माणसाच्या मनात किती काय साठून राहतं, तेवढं दिसतं.

निळी_पहाट

इतका वेळ वाचत होते. नायगावची आहे, बौद्ध घरातली. मला आत्म्याच्या प्रवासापेक्षा त्या प्रवासाच्या तिकिटाबद्दल बोलायचंय.

पाठककाकांनी छांदोग्यातली पंचाग्निविद्या सांगितली. तिच्यातच पुढे काय आहे, तेही सांगायला हवं. ज्यांचं वागणं चांगलं ते ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनीत जातात. ज्यांचं वाईट ते कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत. कुत्रा, डुक्कर आणि माणूस एका ओळीत! माझ्या पणजोबांना विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं, तेव्हा मागच्या जन्माचं भोग म्हणून हेच सांगितलं जायचं. तुम्हाला पुनर्जन्म म्हणजे आजी परत मिळणं. आमच्या पूर्वजांना तो आरोपपत्र म्हणून वाचून दाखवला गेला. गुन्हा आठवत नाही, पुरावा नाही, शिक्षा मात्र जन्मभर.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये दोन प्रश्न वेगवेगळे केले. पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कुणाचा? पृथ्वी, आप, तेज, वायू ही शरीरातली तत्त्वं नष्ट होत नाहीत, ती विश्वातल्या साठ्यात मिसळतात आणि पुन्हा एकत्र येतात. कायम टिकणारा आत्मा मात्र नाही. मागच्या जन्माच्या कर्माचा सिद्धांत दुःखी माणसाच्या हलाखीची जबाबदारी समाजावरून काढून त्याच्याच डोक्यावर ठेवतो, हेही त्यांनी लिहिलं. हे पुस्तक त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये, मुंबईतूनच निघालं.

दादा, तुमच्या प्रश्नाला आमच्याकडे एक सुंदर उत्तर आहे. राजा मिलिंदानं भंते नागसेनांना विचारलं, जो पुन्हा जन्मतो तो तोच असतो की दुसरा? ते म्हणाले, तोही नाही आणि दुसराही नाही. दिवा रात्रभर जळतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग रात्रभर वेगवेगळे दिवे होते का? तेही नाही.

जुना_पाठक

निळी_पहाट, तुम्ही म्हणता तो मंत्र छांदोग्यात आहे. मी पितृयान सांगितलं आणि तो गाळला. गाळायला नको होता. एवढंच लिहितो, बचाव करत नाही.

वारीची_वाट

आम्ही माळकरी, घर लालबागला. सगळे जन्मातून सुटायचं बोलतात. वारकऱ्याचं मागणं ऐका. 'हेंचि दान देगा देवा' आपण कीर्तनाच्या शेवटी सगळे म्हणतो, पण शेवटच्या चरणाकडे लक्ष देतो का? 'तुका म्हणे गर्भवासी । सुखें घालावें आम्हांसी'. मुक्ती नको, धन नको, संतसंग दे आणि मग खुशाल पुन्हा जन्माला घाल! पुनर्जन्माची भीतीच काढून टाकली तुकोबांनी. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा धाक घालणाऱ्यांना यापेक्षा मोठं उत्तर नाही.

आणि आठवणीचं म्हणाल, तर तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई (जळगावच्या कवयित्री बहिणाबाई वेगळ्या) यांनी अंतकाळी मुलाला, विठोबाला, आपले मागचे बारा जन्म सांगितले. अभंगांत आहेत ते. मी लहान असताना आईनं वाचून दाखवले होते. मरणाच्या दारात बसलेली आई मुलाला आपली गोष्ट सांगतेय, तीही बारा जन्मांची. ते खरं की खोटं, हे मी कधी विचारलंच नाही. मला त्या मुलाचा हेवा वाटायचा.

वसईची_वाडी

आम्ही ख्रिस्ती. आमच्यात जन्म एकच, मग पुनरुत्थान. २ नोव्हेंबरला आम्ही कबरी साफ करतो, फुलं वाहतो, मेणबत्त्या लावतो. आजी त्या मेणबत्तीच्या उजेडात बसते असं कुणी मानत नाही, पण मेणबत्ती विझली तर माझी आई परत पेटवते. तुमचं नवमीचं पान वाचून तेच आठवलं. बाकी वादात मी पडत नाही.

धाकटा_पण_थोरला

लिहू की नको करत होतो.

मला एक भाऊ होता. मी त्याला पाहिलेलं नाही. चार वर्षांचा असताना तापानं गेला आणि दीड वर्षानं मी झालो. माझ्या कानामागे तीळ आहे, त्यालाही होता म्हणे. बारशाला माझं नाव तेच ठेवलं. घरात भिंतीवर त्याचा फोटो होता आणि खाली माझं नाव. मी शाळेत जायला लागेपर्यंत तो फोटो माझाच समजत होतो.

आईनं मला जिवापाड जपलं, तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण मला ताक आवडत नाही म्हटलं की ती गप्प व्हायची, कारण त्याला आवडायचं. तो हुशार होता, चार वर्षांचा असताना पाढे म्हणायचा. मला गणित जमलं नाही, तेव्हा मास्तरांपेक्षा आईच्या चेहऱ्याची भीती वाटायची. मी नापास झालो की तो दुसऱ्यांदा जातोय, असं काहीतरी त्या चेहऱ्यावर असायचं. लहान मुलाला हे शब्दांत मांडता येत नाही, पण कळतं.

आत्मा असतो की नाही, हे मला ठाऊक नाही. असेल आणि माझ्यात भावाचाच असेल, तरी आईच्या कुशीत मी नवा आलो होतो आणि तिथली जागा भरलेली होती. ठाकूरद्वार_नाका, तुमच्या मुलीला लोक 'आजीबाई' म्हणतात हे वाचलं आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. पान कुणासाठी, हा प्रश्न चाळीसाठी ठीक आहे. हाक कुणाला मारताय, तेवढं बघा.

परळची_डॉक्टर

थोरला, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. बाळ गेल्यानंतर लगेच दुसरं झालेल्या कुटुंबांशी मला कामात बोलावं लागतं. तुमचा प्रतिसाद मी जपून ठेवतेय.

ठाकूरद्वार_नाका (धागाकर्ता)

चार दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. थोरला, तुमचं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

एक गोष्ट मी पहिल्या लेखनात लिहिली नव्हती. आजीला अतिदक्षता विभागात ठेवलं होतं. शेवटच्या रात्री ती माझं नाव घेत होती, असं एका नर्सनं बाहेर येऊन सांगितलं. मी तीनदा विनंती केली, पण आत सोडलं नाही. पहाटे चारला बोलावलं, तेव्हा सगळं संपलं होतं. रुग्णालयाचं नाव लिहायचं नाही. मुलीनं पहिल्यांदा पेल्यावर टिचकी मारली, तेव्हा मला वाटलं, ती माझ्यावर रागावून गेली नाही, परत आली. तीन वर्षांचं ओझं उतरलं. आता कळतंय की ते उतरवून मी कुणाच्या खांद्यावर ठेवत होतो.

आता दुसरं. डॉक्टरताईंनी सांगितलं म्हणून लक्ष ठेवलं. टिचकी आजोबा मारतात! सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात, मुलगी शेजारी पाटावर. त्यांच्या हातात चहा, हिच्या हातात पाणी. ते कपावर दोनदा टकटक करतात, ही बघते आणि करते. आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तो आवाज घरात पहिल्यापासून होता. आजी गेली तरी तो थांबलाच नव्हता. मोबाईलवर चित्रफीत काढून आजोबांना दाखवली. ते म्हणाले, "मी कधी करायला लागलो असं?" खरंच त्यांना माहीत नव्हतं.

निळी_पहाट

दादा, नागसेनांचा दुसरा दृष्टांत मी लिहिला नव्हता. ते राजाला विचारतात, लहानपणी गुरूकडून श्लोक शिकलात ना? तो श्लोक गुरूला सोडून तुमच्याकडे आला का? राजा म्हणतो, नाही. तुमचं वाचून अंगावर काटा आला.

जुना_पाठक

टिचकीचं मान्य. चादरीच्या टोकाचं काय? आजोबा पदर धरून झोपत नसणार. मी हट्टानं म्हणत नाही, पण सगळं उलगडलं असं मला वाटत नाही.

परळची_डॉक्टर

काका, चादरीचं टोक धरून झोपणारी मुलं मी रोज पाहते. पण असू द्या तुमची शंका, माझी हरकत नाही.

ठाकूरद्वार_नाका (धागाकर्ता)

काका, चादरीचं मलाही सांगता येत नाही. राहू दे.

सर्वपित्रीच्या आदल्या रात्री आजोबांना सरळ विचारलं, की आजी परत आली असं तुम्हाला वाटतं का, आणि मग पान का ठेवायचं? ते बराच वेळ गॅलरीच्या कठड्याला धरून उभे होते. म्हणाले, "ती कुठं आहे, मला काय माहीत. घरात अळूवडी झाली आणि तिच्यासाठी दोन बाजूला काढल्या नाहीत, असं एकावन्न वर्षांत झालेलं नाही. ती शेवटी जेवायची ना." पुढच्या नवमीला पान ठेवणार. मुलीला तिच्या ताटात वेगळी वाढणार, तीही आधी.

चाळीत सगळ्यांना सांगितलं, की हिला हिच्या नावानंच हाक मारा. काहींना आवडलं नाही. समोरच्या काकूंना तर वाईटच वाटलं, दोन दिवस बोलल्या नाहीत. आता बोलतात, पण अजून तोंडातून 'आजीबाई' निघून जातं. काल निघालं, तेव्हा मुलगी दारातच थांबली आणि आपलं नाव सांगितलं, अगदी आडनावासकट.

धाकटा_पण_थोरला

आडनावासकट! तिला माझ्याकडून एक अळूवडी द्या.